मातीच्या बैलाचें चालणें

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं राजुरांतील पुष्कळ घरांच्या कोनाड्यांत मातीच्या बैलांची जोडी उभी असलेली दिसते. आदल्या दिवशीं ज्यांची पूजा झाली तेच हे बैल पुढें मुलांच्या हातीं लागतात; मग एकाचें शिंग मोडतें, दुसऱ्याचा पाय जातो, आणि अखेर त्यांची माती अंगणांतल्या मातीस मिळते. गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें असल्याच एका बैलास चालवावयाचें मनांत घेतलें. दोरीनें ओढून नव्हे, कीं चाकें लावून नव्हे, तर नुसत्या छायाचित्रांच्या बळावर. त्याच्या खटपटींत आम्हांसहि पडावें लागलें. त्यांत आमची जी फजिती झाली तिच्यामुळें इतरांचा तरी थोडा वेळ वांचावा, म्हणून हा लेख लिहीत आहों.

या विद्येस 'स्टॉप मोशन' असें नांव आहे, व तें आतां मराठींतहि रुळलें आहे. तिचें तत्त्व चार वाक्यांत सांगतां येतें. निश्चल वस्तु कॅमेऱ्यापुढें ठेवून तिचें एक छायाचित्र घ्यावें. मग ती वस्तु जवभर हलवावी, हात पुरता मागें घ्यावा, आणि दुसरें चित्र घ्यावें. अशीं शेंदीडशें चित्रें जमवून तीं एकामागून एक झरझर दाखविलीं, म्हणजे ती वस्तु आपल्याआपण चालूं लागल्यासारखी दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी गांवचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्या खेळांतील सूत्रधार पडद्याआड असला, तरी खेळ चालूं असेपर्यंत त्याचीं बोटें दोरीवरून निघत नाहींत. आपल्या या खेळांतील सूत्रधार दोन चित्रांच्या मधल्या फटींत येतो, आपलें काम करतो, आणि पुढचें चित्र निघण्यापूर्वीं नाहींसा होतो. सारी करामत त्या फटींत आहे. बैल किती सुंदर केला आहे यापेक्षां, दोन चित्रांच्या मध्यें तो किती हलविला, यावरच तो चालणार कीं घसरणार हें ठरतें.

पण मुळांत निश्चल चित्रांतून चाल दिसते तरी कशी? आमच्या लहानपणीं असें शिकविलें जाई कीं, पाहिलेल्या वस्तूची प्रतिमा डोळ्यांत क्षणभर रेंगाळते, ती पुसली जाण्यापूर्वीं दुसरी येते, आणि म्हणून गतीचा भास होतो. हें स्पष्टीकरण अपुरें आहे. नुसत्या प्रतिमाच रेंगाळत असत्या, तर बैलाचे दहा-वीस पाय एकमेकांत मिसळून धुरकट डाग तेवढा दिसता. १९१२ सालीं माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञानें आपले या विषयावरील प्रयोग प्रसिद्ध केले. एक रेघ दाखवावी, ती नाहींशी करावी, आणि योग्य तेवढ्या क्षणानंतर थोड्या अंतरावर दुसरी रेघ दाखवावी. पाहणारास दोन रेघा न दिसतां एकच रेघ इकडून तिकडे सरकतांना दिसते. मधली हालचाल कोणीं दाखविलेलीच नसते. ती मेंदूनें भरून काढलेली असते. मात्र त्यास ती भरतां यावी इतकेंच अंतर आपण ठेवलें पाहिजे. अंतर फार झालें कीं मेंदू हात टेकतो, आणि बैल उडी मारतो.

चित्रपटगृहांत दर सेकंदास २४ चित्रें दाखवितात. मूकपटांच्या काळीं सुमारें १६ चित्रांवर काम भागे. घरच्या पहिल्या प्रयोगास १२ पुरतात. हा १२ चा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढील सर्व हिशेब त्यावरच बसवावयाचा आहे.

ही विद्या परदेशांतून आपल्याकडे कालपरवां आली असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक ती आपल्या शेजारच्या माणसानें शंभर वर्षांहून आधीं आपल्या घरांत बसून केली आहे. धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस आपण दादासाहेब फाळके म्हणतों, ते कळसूबाईच्या रांगेपलीकडील त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत ते शिकले. त्यांनीं छायाचित्रें काढलीं, छपाईचा धंदा केला, आणि जादूचे प्रयोगहि केले. त्या प्रयोगांसाठीं त्यांनीं आपलें आडनांव उलटें फिरवून 'प्रोफेसर केळफा' हें नांव घेतलें होतें! १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्रावरील मूकपट पाहिला. तो पट डोळ्यांपुढून सरकत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें श्रीकृष्णाचें व श्रीरामाचें चरित्र उभें राहत होतें, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. १९१२ च्या आरंभीं ते लंडनला गेले, तेथें चित्रपटाचें तंत्र पाहिलें, कॅमेरा खरीदण्याची व्यवस्था केली, आणि एप्रिलांत परत आले.

यंत्र आलें, पण पट काढावयास पैका नव्हता. आणि जें कोणीं पाहिलें नाहीं त्यास कोण कर्ज देणार? तेव्हां फाळक्यांनीं नट जमविले नाहींत, वेष शिवले नाहींत. त्यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले, त्यांच्यापुढें कॅमेरा रोखला, आणि महिन्याहून अधिक काळ रोपाचीं चित्रें थोडथोड्या वेळानें एकेक करून घेतलीं. तयार पट एक मिनिटाहून थोडासाच मोठा झाला. बी फुटतें, कोंब वर येतो, वेल चढूं लागतो, हें सारें त्या मिनिटांत दिसे. त्याचें नांव 'अंकुराची वाढ'. येथें विद्यार्थ्यांनीं थोडें त्रैराशिक करावें. दर सेकंदास १६ चित्रें धरलीं तर मिनिटास ९६० चित्रें लागतात. तीस दिवसांचे तास होतात ७२०. रात्रंदिवस सारख्या अंतरानें चित्रें घ्यावयाचीं म्हटलें, तर दर पाऊण तासास एक चित्र पडतें. महिनाभर दर पाऊण तासास एक चित्र! घरांतील माणसांचें साह्य असल्यावांचून असलीं कामें होत नसतात. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं कोऱ्या फिल्मच्या कडेला भोंकें पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचीं कामें शिकून घेतलीं होतीं, हें या ठिकाणीं अवश्य सांगितलें पाहिजे. तो पट पाहून पैसेवाल्यांचें मन वळलें, कर्ज मिळालें, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रपटगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. हिंदुस्थानांतील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून आपण ज्याचा गौरव करतों, त्याच्या पायाशीं असा वाटाण्याचा एक कोंब आहे.

१९१५ सालीं, पहिलें महायुद्ध चालूं असून पैशाची ओढाताण असतां, फाळक्यांनीं 'आगकाड्यांची मौज' हा छोटा पट काढला. त्यांत आगकाड्या आपल्याआपण हालून निरनिराळ्या आकृति करीत. फ्रान्समध्यें एमिल कोल यांनीं १९०८ सालीं काड्यांचाच असा एक पट केला होता. फाळक्यांचा तो पट आज पाहावयास मिळत नाहीं, ही मोठी हानि होय. या दोन पटांतील भेद मात्र नीट समजून घ्यावा. वाटाणा स्वतःच वाढत होता. फाळक्यांनीं केवळ वाट पाहिली. आगकाडीला मात्र स्वतःची गति नाहीं. ती दर चित्रागणिक हातानें हलवावी लागली. एकांत चिकाटी हवी, दुसऱ्यांत चिकाटीबरोबर चालीची पारखहि हवी.

ही पारख म्हणजे काय, हें दूर लिथुएनियांत एका प्राणिसंग्राहकास किड्यांनीं शिकविलें. लादिस्लास स्तारेविच यांना १९१० च्या सुमारास शिंगाड्या भुंग्यांची झुंज चित्रित करावयाची होती. परंतु हे भुंगे रात्रिंचर; दिवा लावला कीं ते मुळीं हालेनातच. मग त्यांनीं मेलेले भुंगे घेतले, त्यांचे पाय काढून त्यांजागीं बारीक तारा मेणानें बसविल्या, आणि एकेक चित्र घेत झुंज लावून दिली. जिवंत भुंगे नीट न्याहाळलेले नसते तर मेलेल्यांस लढवितां आलें नसतें. ही गोष्ट आम्हांस पूर्वीं ठाऊक होती. तरीहि तिचा अर्थ आमच्या डोक्यांत उतरला तो राजूरच्या एका ओसरीवर.

तो विद्यार्थी डांगी जनावरें पाळणाऱ्या घरचा. डांगी जात आपल्या भागाची. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, आणि कातडी अशी तेलकट कीं पावसाची धार तिच्यावरून ओघळून जावी. राजूरचें डांगी जनावरांचें प्रदर्शन आपणां सर्वांस ठाऊकच आहे. या घरच्या जोडींतील एक बैल आदल्या वर्षीं घरांतल्या दुखण्यापायीं विकावा लागला होता. मुलाच्या मनांतील कथा अशी: बैल डाव्या बाजूनें चालत येतो, गोठ्याच्या दाराशीं थांबतो, आणि मान हलवितो. संपलें. आम्हांस ती फारच तोकडी वाटली. म्हणून आम्हीं तींत नांगरणी, पेरणी, पाऊस असें कांहीं कांहीं घालावयास सुचविलें. मुलानें सर्व आदरानें ऐकून घेतलें आणि त्यांतलें कांहींएक घेतलें नाहीं. तेंच बरोबर होतें. त्याच्या कथेस नऊ सेकंद पुरेसे होते; नऊ गुणिले बारा, म्हणजे १०८ चित्रें. आमच्या सूचना घेतल्या असत्या तर चित्रें हजारावर गेलीं असतीं, आणि दुसऱ्याच रात्रीं कंटाळून पोरानें सारें गुंडाळून ठेविलें असतें. पहिला पट दहा सेकंदांहून मोठा करूं नये, हें आमचें आतां ठाम मत झालें आहे.

पहिल्या रात्रीं कोनाड्यांतला तयार बैलच घेतला. पाटावर पुस्तकांची चळत रचून तिच्यावर दोन विटांच्या मध्यें मोबाइल उभा अडकविला. घरांत मोबाइल एकच, तोहि वडिलांचा. चाळीस चित्रें निर्विघ्न झालीं. एकेचाळिसाव्याच्या वेळीं दुधाच्या व्यवहारासंबंधानें कोणाचा तरी फोन आला. वडिलांनीं तो उचलला, बोलणें झालें, आणि त्यांनीं मोबाइल अगदीं काळजीपूर्वक जेथल्या तेथें परत ठेविला. त्यांच्या मतें जेथल्या तेथें. कॅमेऱ्याच्या मतें नव्हे. पट पाहतांना बैल मध्येंच हातभर उडाला आणि मागचा पुठ्ठ्याचा गोठा एकदम कलला. म्हणून पालकांस आमची विनंति अशी: तासदोन तास फोन देतां येईल अशी वेळ आपणच ठरवून द्यावी, आणि तेवढ्या वेळांत तो मागूं नये. मुलांनींहि आरंभींच फोन 'विमान' स्थितींत टाकावा, म्हणजे कॉल येत नाहीं. आणि काम होतांच तो ज्याचा त्यास द्यावा. मोबाइलनें मुलें बिघडतात अशी तक्रार पालक आमच्याकडे नेहमीं करतात, व ती निराधार नाहीं. परंतु ज्या रात्रीं मूल त्याच पडद्यावर १०८ वेळां पाहून १०८ वेळां हात मागें घेतें, ती रात्र त्या तक्रारींत धरूं नये असें आम्हांस वाटतें.

फसलेलीं तीं चाळीस चित्रें मुलानें आजोबांस दाखविलीं. म्हातारबुवांनीं मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला, पाहिलें, आणि ते हंसूं लागले. "आरं, बैल असा चालतो व्हय? ह्यो तर चिखलावरनं घसरतोय." आम्ही म्हणालों, मातीचा बैल, त्याचे पाय कसे हालणार? त्यावर ते म्हणाले, "मास्तर, पाय तर हालायाच पायजेत. आधी मागचा पाय पडतो. त्यो पुढच्याच्या खुणंपाशी आला, का मंग पुढचा उचालतो. रस्त्यावं जाऊन बघा."

आम्हीं गेलों. वीसएक वर्षें मुलांस शिकवितों आहों, आणि आयुष्य बैलांच्या गांवीं गेलें. परंतु बैल कोणता पाय आधीं टाकतो हें सांगा, असें कोणीं विचारलें असतें तर आम्हांस मान खालीं घालावी लागली असती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलासह रस्त्याच्या कडेला उभे राहून आम्हीं ओल्या मातींत पडणारीं पावलें पाहिलीं. डावा मागचा, डावा पुढचा. उजवा मागचा, उजवा पुढचा. मागचा खूर पुढच्या खुराच्या खुणेजवळच येऊन पडतो, आणि संथ चालींत एक पाय उचललेला असतां बाकीचे बहुधा जमिनीवर असतात. अमेरिकेंत मायब्रिज यांनीं १८७८ सालीं धांवत्या घोड्याचीं छायाचित्रें एका ओळींत मांडलेल्या कॅमेऱ्यांनीं घेतलीं, तेव्हां चारी पाय क्षणभर अधांतरीं असतात हें प्रथम निर्विवाद सिद्ध झालें. आमच्या बैलास कॅमेऱ्यांची रांग लागली नाहीं. आजोबांचें एक वाक्य पुरलें.

आतां पाय हालणारा बैल हवा होता. मुलानें खाचरांतली काळी माती आणून, आंत तार घालून नवा बैल केला. तो फार देखणा झाला. रात्रीं तो कोनाड्यांत ठेवला. सकाळीं पाहतों तों चारी पायांस भेगा, आणि एक पाय गळून पडलेला! कारण उघड आहे. ओल्या मातींतील पाणी उडून जातें तशी माती आकसते. आंतली तार कांहीं आकसत नाहीं. मग मातीनें फुटावें नाहीं तर काय करावें? पोळ्याचा बैल एक दिवस उभा राहावयाचा असतो, त्यास चालावयाचें नसतें. तेव्हां पुस्तकांच्या दुकानांत रंगीत वड्यांच्या रूपानें मिळणारी तेलमिश्रित माती आणली. तींत पाण्याऐवजीं तेल व मेण असल्यामुळें ती सुकत नाहीं. सांगाड्यासाठीं गवंडी लोक सळया बांधावयास जी बारीक तार वापरतात ती दुहेरी पिळून घेतली. एकेरी तार चार-सहा वेळां वांकविली कीं तुटते. जमीन म्हणून थर्माकोलच्या जाड पत्र्यावर तपकिरी कागद डकविला, आणि बैलाच्या टेकलेल्या प्रत्येक पायांत टांचणी खुपसून तो उभा केला. टांचण्या नसत्या तर एक पाय उचलतांच स्वारी आडवी झाली असती.

ज्यांस एवढा उद्योग करावयाचा नसेल त्यांनीं फाळक्यांच्याच वाटेनें जावें. काड्यांच्या पेटींतील काड्यांचें गुल मोडून टाकावे, म्हणजे धोका उरत नाहीं. त्या काड्या जमिनीवर पसराव्या, मोबाइल दोन बाजूंच्या पुस्तकांवर आडव्या फळीनें उताणा धरून भिंग खालीं वळवावें, आणि काड्यांचें घर बांधावें. येथें पडण्याची भीति नाहीं. डाळ, गुंज, बटणें, खडू, कांहींहि चालतें. आमचा विद्यार्थी मात्र बैलावरून हटण्यास तयार नव्हता.

उजेडाची गोष्ट राजुरांत विशेष सांभाळावी लागते. पावसाळ्यांत ढग येतो नि जातो, आणि दिवसाच्या उजेडांत काढलेला पट दिवाळींतल्या चंद्रज्योतीसारखा लुकलुकतो. म्हणून रात्रींच काम करावें. आम्हीं खिडकीवर घोंगडी टाकली व दोन विजेचे दिवे दोन बाजूंस लावले. वीज जाईल तेव्हां बैलास हात न लावतां ती येईपर्यंत स्वस्थ बसावें. दुसरा उपाय नाहीं. याखेरीज कॅमेरा स्वतःच शहाणपण करून दर चित्रागणिक उजेड व केंद्र कमीजास्त करीत असतो. बहुतेक मोबाइलांत पडद्यावर बोट थोडा वेळ दाबून धरलें असतां हीं दोन्ही जागच्या जागीं बांधलीं जातात. तें न विसरतां करावें. आणखी एक बारीक गोष्ट आम्हांस फार उशिरां कळली. मुलाचा सदरा पांढरा होता. तो जवळ वांकून उभा राही तेव्हां सदऱ्याचा उजेड बैलावर पडे, दूर सरे तेव्हां नाहींसा होई. त्यास काळसर सदरा घालावयास लावला तेव्हां ती लुकलुक थांबली.

चित्र घेतांना मोबाइलास बोट लावूं नये. त्यानें तो हालतो. कानाला लावावयाच्या तारेवरचें बटण पुष्कळ फोनांत चित्र घेण्याचें काम करतें. चित्रें जोडण्यासाठीं 'स्टॉप मोशन स्टुडिओ' या नांवाचें ॲप फुकट मिळतें, व त्याच्या साध्या भागांतहि नवशिक्याचें काम होतें. त्यांतील सर्वांत मोलाची सोय ही कीं, आधींचें चित्र पडद्यावर पुसटसें दिसत राहतें. त्यावरून बैल किती सरकला हें तंतोतंत पाहतां येतें. अलीकडे चार शब्द लिहून दिले असतां यंत्रच सबंध चलच्चित्र करून देतें. तें वर्ज्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या रीतीनें केलेला बैल चुकीचा पाय टाकूं लागला, तर तो चुकला हें तरी कळावयास कोणीतरी रस्त्यावर उभें राहिलेलें असावें लागतें.

आतां चालीचा हिशेब. चार पायांची एक फेरी बारा चित्रांत, म्हणजे एका सेकंदांत, बसवावी. प्रत्येक पायास तीन चित्रें येतात: पहिल्यांत उचलावा, दुसऱ्यांत पुढें न्यावा, तिसऱ्यांत टेकवून टांचणी लावावी. मग पुढच्या पायाची पाळी. धड मात्र दर चित्रास थोडें थोडें पुढें सरकलेंच पाहिजे. तें विसरलें तर बैल जागच्या जागीं पाय आपटतो. आमचा बैल फेरीस सहा सेंटिमीटर चाले, म्हणजे दर चित्रास अर्धा सेंटिमीटर. आरंभींच्या व शेवटच्या फेरींत हें अंतर निम्म्याहून कमी ठेविलें, कारण कोणतेंहि जनावर एकदम चालूं लागत नाहीं, कीं एकदम थांबत नाहीं. पहिल्या सेकंदाचीं बारा चित्रें बैल नुसता उभा असतांनाचीं घ्यावीं. हीं चित्रें फुकट गेलीं असें वाटतें. पण पाहणाराची दृष्टि बैलावर बसावयास तेवढा वेळ लागतो.

तिसरी रात्र. जेवणें आटोपल्यावर आठ वाजतां बसलों. मुलगा बैल हलवी, आम्ही बटण दाबूं, आणि त्याची धाकटी बहीण वहींत रेघा मारून कोणता पाय झाला तें सांगे. हें तिसरें माणूस अवश्य असावें. सत्तराव्या चित्राच्या सुमारास आम्ही दोघेहि उजवा कीं डावा यांत चुकलों होतों, आणि ती नऊ वर्षांची पोर बरोबर होती. एकदां वीज गेली. अर्धा तास अंधारांत बसलों. साडेअकरास बैल दाराशीं पोंचला. मान हलविण्याचीं शेवटचीं बारा चित्रें राहिलीं होतीं, तेव्हां मुलानें आमच्याकडे न पाहतां सांगितलें कीं, खरा बैल गोठ्याशीं आला म्हणजे मान हलविण्याच्या आधीं जरासा थबके. म्हणून सहा चित्रें उभ्या बैलाचीं अधिक घेतलीं. एकंदर चित्रें ११४ झालीं. पट साडेनऊ सेकंदांचा.

सकाळीं आजोबांनीं तो पाहिला. या वेळीं ते हंसले नाहींत. "पुन्हा लाव," म्हणाले. पुन्हां लावला. असें सातआठ वेळां झालें. मग त्यांनीं मोबाइल खालीं ठेविला, तंबाखूची चंची सोडली, आणि बऱ्याच वेळानें म्हणाले, "चाल त्याचीच हाय. पर त्याचं उजवं शिंग खाली वळल्यालं होतं."

सध्यां त्या घराच्या खिडकींत एका जुन्या तेलाच्या डब्यांत वाटाणे पेरलेले आहेत. मोबाइल ठेवावयाची जागा फळीवर खडूनें आंखून घेतली आहे, आणि दररोज सकाळीं सात वाजतां, वडील दुधास निघण्यापूर्वीं, एक चित्र निघतें. दिवसास एक या मानानें महिन्याचे अडीच सेकंदच होतील; परंतु फोन तेवढाच मोकळा असतो. रोप उजेडाकडे झुकतें आणि डबा फिरविला कीं पट बिघडतो, हें एव्हांना ध्यानांत आलेलें आहे, म्हणून डब्यास कोणीं हात लावावयाचा नाहीं. शेजारीं तेलमातीचा बैल उभा आहे. त्याचें उजवें शिंग आतां खालीं वळलेलें आहे.